शिवणीतली माया

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात मी एक छोटा लेख वाचला होता. 'मी जाड आहे, पुढे बोला' असं त्याचं नाव. मंडळातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. सगळे खूप हसले होते. नंतर चहाच्या वेळी पहिल्या वर्षाची एक मुलगी जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, हे कुणीतरी बोलायला हवंच होतं."

यंदा ऑगस्टमध्ये तीच मुलगी लायब्ररीच्या जिन्यात भेटली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझा कुर्ता खांद्यावरून घसरत होता. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही पण?"

मला उत्तर देता आलं नाही. "अगं, लेक्चरला उशीर होतोय," असं काहीतरी बोलून मी सटकले. हा लेख म्हणजे जिन्यात द्यायचं राहून गेलेलं उत्तर.

सगळ्यात आधी एक सांगते. गेल्या वर्षी मी खोटं बोलले नव्हते. मला माझं शरीर खरंच आवडायचं. 'आहे ते चालवून घ्यायचं' अशातली आवड नव्हे, मनापासून आवडायचं. शाळेत मी गोळाफेक करायचे. तीन किलोचा लोखंडी गोळा मानेला टेकवून, कमरेतून वळून फेकताना अंगातलं सगळं वजन कामाला येतं. बाकी मुली पळण्याच्या शर्यतीत मला मागे टाकायच्या, पण गोळाफेकीच्या वर्तुळात मी उभी राहिले की मैदान जरा शांत व्हायचं. आंतरशालेय स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. ते प्रमाणपत्र अजून आमच्या हॉलमध्ये, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लावलेलं आहे.

शिवाय मी आजीसारखी दिसते. खानापूरच्या घरी आजीच्या लग्नाचा एक फोटो आहे. तेच रुंद खांदे, तेच दंड, तीच हनुवटीखालची घडी. लहानपणी कुणी मला 'जाडी' म्हटलं की आजी म्हणायची, "जाडी नव्हं, खात्यापित्या घरची हाय." आमच्या भाषेत असे शब्द किती छान आहेत बघा. अंगानं भरलेली. बाळसेदार. गुटगुटीत. उलट बारीक माणसाला आपण काय म्हणतो? काडी पैलवान. पाप्याचं पितर. हा शब्दकोश ऐकत मी मोठी झाले, म्हणून इन्स्टाग्रामवरचा दुसरा शब्दकोश मला तितकासा बोचला नाही. ताईचा मुलगा दुपारी फक्त माझ्या पोटावर झोपतो. बाकीच्यांची हाडं टोचतात म्हणे. अशा शरीराबद्दल तक्रार काय करायची?

मग यंदा जानेवारीत कॉलेजमध्ये आरोग्य तपासणी झाली. बोटाला सुई टोचून साखर बघितली. ती जरा जास्त निघाली, म्हणून पुढची रक्ततपासणी करायला सांगितली. एचबीएवनसी ६.१. हा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ६.५ झाला की उंबरठा ओलांडला.

रिपोर्ट घेऊन ज्या डॉक्टर मॅडमकडे गेले, त्यांनी आधी माझं पोट बघितलं नाही, मान बघितली. माझ्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा पट्टा आहे. दहावीपासून आहे. मम्मी दर रविवारी मिस्साच्या आधी लिंबाची फोड आणि बेसन लावून ती मान घासायची. "नीट आंघोळ करत नाहीस," म्हणून ओरडायची. मॅडम म्हणाल्या, "हा मळ नाही गं. शरीरात इन्सुलिन असतं पण त्याचं काम नीट होत नाही, तेव्हा मानेवर, काखेत असा काळेपणा येऊ शकतो." मम्मी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण टेबलाखालून माझा हात घट्ट धरला.

मॅडमनी वजन केलं. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. "बारीक हो असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पाच-सहा किलो कमी कर, रोज अर्धा तास चाल, भात अर्धा कर. बस."

घरी आल्यावर मला राग आला. आधी डॉक्टरांचा, मग स्वतःचा. वाटलं, मला हे शरीर आवडतं म्हणजे मी स्वतःला फसवत होते का? सगळ्यांसमोर हसत हसत वाचलेला तो लेख, तो काय होता? आतून माझं रक्त गोड होत होतं आणि मी माइकवर टाळ्या घेत होते!

साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे समोर काहीही आलं की याचा लेखक कोण, हे बघायची मला सवय. बीएमआयचा लेखक शोधला. उंचीच्या वर्गाला वजनाशी जोडणारं ते सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या अडोल्फ केतले यांनी मांडलं. ते डॉक्टर नव्हतेच, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आजारी माणूस नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसल कीज यांनी दिलं. मला विजय मिळाल्यासारखं वाटलं. बघा, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी एक युरोपियन गणिती मला लठ्ठ ठरवणार!

पण शोधत गेलं की आपल्या सोयीचंच सापडतं असं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या शरीरात ९.१. म्हणजे काटा दोघांना एकच आकडा देतो, आत मात्र दोन वेगळी माणसं. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांनाही मधुमेह का गाठतो, याचं थोडं उत्तर त्या फोटोत आहे. म्हणजे आकडा चुकतो हे माझं म्हणणं खरं होतं. फक्त तो माझ्या बाजूनं चुकत नव्हता.

आणि हे समजायला मला लॅन्सेटची गरजही नव्हती. आमच्या घरात पप्पा होते.

सहा वर्षांपूर्वी पप्पा अचानक बारीक व्हायला लागले. तीन-चार महिन्यांत पँटला पट्ट्याची दोन भोकं जास्त पाडावी लागली. चर्चच्या आवारात, ऑफिसात, नातेवाइकांत नुसतं कौतुक. "काय हो, जिम लावली काय?" "एकदम हिरो दिसालाय की!" पप्पाही खूश. मीसुद्धा माझ्या मैत्रिणींना सांगायचे की आमचे पप्पा फिट झालेत. रात्री चार-पाच वेळा उठून ते पाणी प्यायचे, बाथरूमला जायचे, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस ऑफिसात चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं, साखर चारशेच्या वर. ते वजन उतरलं नव्हतं, साखरेनं आतून खाल्लं होतं. आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

आता औषधांनी पप्पा ठीक आहेत. पोटही परत आलंय. जानेवारीत माझा रिपोर्ट हातात घेऊन ते बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मग म्हणाले, "हे माझ्याकडून आलं तुझ्यात." मी म्हटलं, "पप्पा, खांदे आजीकडून आलेत, नाक मम्मीकडून. तुमच्याकडून काहीतरी यायला नको?" ते हसले, पण डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं चालायला लागलो. सकाळी साडेसहाला पहिल्या रेल्वे गेटजवळून निघायचं, व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून एक फेरी मारायची आणि परत. जानेवारीत बेळगावात त्या वेळी चांगलीच थंडी असते. तिथं स्वेटर, मफलर, माकडटोप्या घातलेले आजोबा आमच्या पुढे निघून जायचे आणि जाताना 'गुड मॉर्निंग' म्हणून जखमेवर मीठ चोळायचे.

असेच दिवस निघून गेले आणि उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन मी ठरवलं, ईस्टरपर्यंत गोड बंद. कुंदा नाही, केक नाही, चहात साखर नाही. दरवर्षी मी काही ना काही सोडतेच. पण यंदा पंधरा दिवसांनी लक्षात आलं की शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती करायच्या आधी मी वजनकाट्यावर उभी राहते. मग दिवसातून दोनदा. मग तीनदा. एका रात्री मी जेवलेच नाही. पोटात कावळे ओरडत होते आणि मला त्याचा आनंद होत होता. काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

हा आनंद मला घाबरवून गेला. कारण तो साखरेशी, डॉक्टरांशी, पप्पांशी कशाशीच संबंधित नव्हता. तो फक्त कमी होण्याचा आनंद होता.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी फादरांना सहज म्हटलं, "फादर, मी गोड सोडलंय." फादर म्हणाले, "छान. कुणासाठी?"

मी गप्प. खरं उत्तर 'देवासाठी' नव्हतं, आणि चर्चच्या दारात उभं राहून खोटं बोलायचं धाडस होईना. मी सगळं सांगून टाकलं, न जेवलेली रात्रसुद्धा. फादर म्हणाले, "सिएनाच्या कॅथरिनला आपण संत मानतो. तिनं शेवटी शेवटी अन्न जवळजवळ सोडलं होतं. तिलाही जेवायला सांगणारी माणसं भोवती होती. ३३ व्या वर्षी गेली बिचारी. तिच्या प्रार्थनेचं अनुकरण कर बाळ, ताटाचं नको." मग थोडं थांबून म्हणाले, "उपवासात आपण एखादी चांगली गोष्ट बाजूला ठेवतो. वाईट गोष्ट सोडण्याला उपवास म्हणत नाहीत. तू जे कमी करतेयस ते वाईट आहे म्हणून करतेयस का?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आले. वजनकाटा मम्मीच्या कपाटात ठेवला आणि किल्ली तिच्याकडे दिली. महिन्यातून एकदाच काढायचा असं ठरलं. रात्रीचं जेवण परत सुरू झालं, अर्धा भात आणि भरपूर आमटी. ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन उभी असताना माझ्या डोक्यात एक विचित्र विचार आला. आम्ही देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. नुसत्या आत्म्याच्या नाही, देहाच्या. मग मी उठेन ती ७८ किलोची की ७३ ची? हा प्रश्न नंतर आजीला विचारला. आजी म्हणाली, "देवाकडं काटा कशाला असंल? त्यानं केलंय, त्याला ठावं न्हाई व्हय?"

मे-जूनपर्यंत फरक दिसायला लागला आणि कौतुकाचा पाऊस सुरू झाला. बेळगावच्या पावसासारखाच, एकदा लागला की थांबेना. "वॉव!" "काय ग्लो आलाय!" "आता कशी छान दिसतेस!" त्या 'आता'ला मी अडखळायचे. म्हणजे आधी? गोळा फेकणारी, आजीसारखी दिणारी, ताईच्या बाळाची उशी असलेली ती मुलगी काय होती? चुकलेलं गणित, जे आता दुरुस्त झालं?

पण खोटं कशाला बोलू, ते कौतुक मला आवडायचंही. हेच तर सगळ्यात अवघड आहे. कुणी "किती बारीक झालीस" म्हटलं की एकाच वेळी गालात हसू आणि घशात आवंढा यायचा. पप्पांना 'हिरो' म्हणणारी माणसंही आठवायची. या कौतुकाला आत काय चाललंय हे कळत नाही. आजाराला आणि औषधाला ते सारख्याच टाळ्या वाजवतं.

आजी एकटीच वेगळी. जुलैमध्ये खानापूरला गेले तर दारातच म्हणाली, "वाळलीस की गं! जेवीनास झालीस काय?" आणि रडायलाच लागली. तिच्या लेखी माणूस वाळतं ते दुखण्यानं नाहीतर दुःखानं. मी तिला शेजारी बसवून सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि तरीही माझ्या भातावर तुपाची धार सोडली. मी तो भात खाल्ला. काही गोष्टी एचबीएवनसीच्या पलीकडच्या असतात.

काय कमावलं तेही सांगायला हवं. चर्चमध्ये कॉयर वरच्या माळ्यावर उभं राहतं. आधी तो जिना चढून गेल्यावर पहिल्या गाण्याला माझा श्वास पुरायचा नाही, पहिली ओळ मी ओठ हलवून घालवायचे. आता पहिल्या ओळीपासून गाते. मानेवरचा पट्टा फिका झालाय. मम्मीनं लिंबू बंद केलंय. सप्टेंबरच्या तपासणीत एचबीएवनसी ५.७ आलं. म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहे, पण पाय घराच्या आतल्या बाजूला. वजन साडेएकाहत्तर.

काय गेलं तेही सांगते. ताईचा मुलगा हल्ली झोपताना दोनदा कूस बदलतो. आजीच्या फोटोशेजारी उभी राहिले की साम्य शोधावं लागतं. आणि स्पोर्ट्स डेच्या आधी गंमत म्हणून गोळा उचलला, तर तो पूर्वीइतका लांब गेला नाही. सराव नव्हता हे खरं. पण वर्तुळात उभी असताना पायाखालची जमीन जरा कमी माझी वाटली. मला रडू आलं. या दुःखाला आपल्या भाषेत शब्द नाही. वजन उतरल्याचं दुःख कोण करतं? त्याचे पेढे वाटतात.

डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी मला चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर तो केला होता. ज्यांनी चालणं आणि खाणं सुधारलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! "म्हणून सांगते, काट्याकडे कमी बघ आणि चालत राहा," मॅडम म्हणाल्या. "आणि गोळा फेकायला परत सुरुवात कर. स्नायू साखर वापरतात." हा सल्ला मला त्या आधी का दिला नाही, असं वाटलं. कदाचित दिलाही असेल. जानेवारीत मला फक्त 'कमी कर' एवढंच ऐकू आलं होतं.

आता शेवटची गोष्ट. ८ सप्टेंबरला मदर मेरीच्या जन्मदिनाचं फेस्त. कॉयरच्या मुलींचे निळे ड्रेस असतात, आणि माझा पार गोणपाट झाला होता. आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे घेऊन गेले. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, दोन्ही बाजूंनी चिमटीत कापड धरलं, टाचण्या लावल्या. मग ड्रेस उलटा करून विचारलं, "आतली माया कापू का ठेवू? कापली तर फिटिंग झकास बसंल. ठेवली तर जरा जाड लागंल बघ, पण पुढं लागलं तर उसवता येतंय."

ज्यांच्या घरी शिलाई मशीन नाही त्यांच्यासाठी सांगते. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून ते दिसत नाही. उद्या अंग भरलं तर कपडा टाकून द्यावा लागू नये, म्हणून ते असतं. लहानपणापासून हा शब्द ऐकतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तो नीट ऐकू आला.

मी म्हटलं, "ठेवा मावशी. सगळी ठेवा."

तर, जिन्यातल्या मैत्रिणी, तुला उत्तर हवं होतं. हो, मी पण. माझी साखर वाढली होती, मला पप्पांसारखं चक्कर येऊन पडायचं नव्हतं, म्हणून मी सहा-साडेसहा किलो कमी केले. आधीचं शरीर चुकीचं होतं म्हणून नाही. ते मला आवडायचं, आणि जे आवडतं त्याचीच माणूस काळजी घेतो. हे आत्ताचं शरीर अजून नवीन आहे, आमची ओळख होतेय. कधी ते आवडतं, कधी जुन्याची आठवण येते. उद्या वजन परत वाढलं तर मी हरले असं समजणार नाही. ड्रेस उसवून घेईन.

गेल्या वर्षीचा लेख मी मागे घेत नाही. फक्त एक दुरुस्ती करते. तेव्हा मी म्हटलं होतं, 'मी जाड आहे, पुढे बोला.' आता पुढचं मी स्वतःच बोलले आहे. तुझी मानही कधीतरी आरशात बघ. काळी दिसली तर लिंबू लावू नकोस, तपासून घे. आणि मग संध्याकाळी मैदानावर ये. एक गोळा माझ्याकडे आहे. आपण दोघी मिळून फेकू.